काढा, विषाणू आणि थोडंसं गणित

हा लेख लिहिण्याचं कारण थोडं घरगुती आहे, म्हणून सुरुवात घरापासूनच करते.

मार्च 2020. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता आणि तो रद्द झाला. पेपर रद्द झाल्याचा आनंद दोन दिवस टिकला. मग घरात बसून करायचं काय? मी घरातली ‘विज्ञान मंत्री’ झाले. रोज काहीतरी वाचायचं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं. त्यात एक दिवस वाचनात आलं, की सार्सच्या विषाणूवर जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ज्येष्ठमधातला पदार्थ यशस्वी करून दाखवला होता आणि चीनमध्ये ज्येष्ठमध हजारो वर्षं औषधात वापरतात. बातमी खोटी नव्हती. मी ती मराठीत लिहून सगळ्यांना पाठवली. वर लिहिलं, ‘आजी, हे तुझ्यासाठी!’

आजी गावी काकांकडे. नातीने पाठवलंय म्हटल्यावर तिने मनावर घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ काढा, आणि प्रत्येक काढ्यात चमचाभर ज्येष्ठमधाची पूड. पाच-सहा आठवड्यांनी तिचे पाय इतके गळून गेले, की मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. बीपी नेहमीपेक्षा खूप वर. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.6. ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?” आजी अभिमानाने म्हणाली, “काही नाही हो, नातीने सांगितलेला काढा.”

तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडली नाही. बातमी खरी होती, तर मग चूक नक्की कुठे झाली? आता केमिकलला आल्यावर थोडं थोडं समजायला लागलंय. ते तुमच्यापुढे मांडते.

विषाणू म्हणजे उपरा कामगार

विषाणूला स्वतःचं वर्कशॉप नसतं. त्याच्याकडे असतो फक्त ड्रॉइंगचा कागद, म्हणजे आरएनए किंवा डीएनए, आणि त्याभोवती एक कवच. तो आपल्या पेशीत घुसतो, आपलीच लेथ, आपलंच मटेरियल आणि आपलीच वीज वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि बाहेर पडतो. म्हणून त्याला अडवायच्या जागा ठरलेल्या आहेत: पेशीच्या दारात, प्रती काढताना, तयार भागांची कापाकापी चालू असताना, किंवा बाहेर पडताना.

खरी अडचण अशी, की वर्कशॉप आपलं आहे. विषाणूला मारायला वर्कशॉपच जाळून टाकलं तर काय उपयोग? म्हणून प्रयोगशाळेत दोन आकडे काढतात. पहिला ईसी-50, म्हणजे विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण. दुसरा सीसी-50, म्हणजे ज्या प्रमाणाला निम्म्या पेशीच मरतात ते. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मिळतो निवडक्षमतेचा आकडा. तो जितका मोठा तितकं चांगलं. आपल्या फॅक्टर ऑफ सेफ्टीचाच हा चुलतभाऊ.

फ्रँकफर्टचा प्रयोग

आता माझ्या बातमीकडे येऊ. 2003 साली सार्सची साथ चालू असताना फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांकडून मिळवलेले विषाणू माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींवर सोडले आणि त्यांवर पाच पदार्थ तपासले. ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला. त्या काळी सार्सच्या रुग्णांना रिबाव्हिरिन हे औषध दिलं जात होतं. या पेशींमध्ये त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. सर्वांत चांगला ठरला ग्लिसिऱ्हायझिन, म्हणजे ज्येष्ठमधाला गोडी देणारा रेणू.

ज्येष्ठमधाला चिनी भाषेत ‘गान्त्साओ’ म्हणतात, म्हणजे गोड वनस्पती. चिनी वैद्यकात बहुतेक काढ्यांत तो असतोच, कारण बाकीच्या औषधांना तो सांभाळून घेतो असं मानतात. त्याला तिथे ‘राज्यातला वडीलधारा’ असं टोपणनाव आहे. आपल्याकडे नावातच ‘ज्येष्ठ’ आहे, हा योगायोग मला फार आवडतो. चीनमध्ये मुख्यतः युरालेन्सिस ही जात वापरतात, आपल्याकडे ग्लाब्रा. ग्लिसिऱ्हायझिन दोन्हीत असतं.

फ्रँकफर्टचे आकडे असे: ईसी-50 लिटरला 300 मिलिग्रॅम, आणि सीसी-50 लिटरला 20,000 मिलिग्रॅमपेक्षा जास्त. भागाकार 67. उत्तम! इथपर्यंत मी 2020 मध्ये वाचलं आणि टाळी वाजवली. पुढे कागद-पेन्सिल घ्यायला हवी होती, ती घेतली नाही.

गणित करून बघू

मोठ्या माणसाच्या अंगातला रक्तद्रव साधारण 3 लिटर. लिटरला 300 मिलिग्रॅम हवं, तर नुसत्या रक्तद्रवातच 900 मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन सतत असायला हवं. पण विषाणू रक्तात पोहत बसत नाही, तो पेशींत असतो. अंगातलं सगळं पाणी धरलं, साधारण 40 लिटर, तर 12,000 मिलिग्रॅम, म्हणजे 12 ग्रॅम. ज्येष्ठमधाच्या मुळीत ग्लिसिऱ्हायझिन 4 टक्के धरलं, तर मुळी लागेल 300 ग्रॅम. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त! आणि त्यातलं सगळं शंभर टक्के अंगात गेलं असं मानून.

तेही जात नाही. पोटात गेल्यावर आतड्यातले जीवाणू ग्लिसिऱ्हायझिनची साखरेची शेपटी तोडतात, आणि रक्तात पोचतं ते ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल. म्हणजे डिशमध्ये जो रेणू तपासला तो वेगळा, आणि काढा प्यायल्यावर रक्तात फिरतो तो वेगळा. टेस्ट एका मटेरियलची आणि पूल बांधला दुसऱ्या मटेरियलचा!

दुसऱ्या बाजूचा आकडाही बघा. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने त्याच 2003 साली सांगितलं होतं, की नेहमी खाणाऱ्याने दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिनच्या वर जाऊ नये. आजीचे तीन चमचे म्हणजे साधारण 10 ग्रॅम पूड, म्हणजे सुमारे 400 मिलिग्रॅम. विषाणूसाठी अगदीच अपुरं, आणि आजीसाठी चौपट जास्त. माझ्या सगळ्या चुकीचा सारांश या एका वाक्यात आहे.

आजीच्या अंगात काय झालं?

मूत्रपिंडात मीठ धरून ठेवण्याचं एक कुलूप असतं. त्याची खरी किल्ली अल्डोस्टेरॉन हे हार्मोन. पण कॉर्टिसोल नावाच्या दुसऱ्या हार्मोनची किल्लीही त्याच कुलपाला लागते, आणि कॉर्टिसोल रक्तात शेकडो पट जास्त असतं. म्हणून तिथे एक वॉचमन बसवलेला आहे. तो एक एन्झाइम आहे. कॉर्टिसोल जवळ आलं की तो त्याचं रूप बदलतो, मग किल्ली लागत नाही. ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल नेमकं या वॉचमनला झोपवतं. कुलूप सारखं उघडं राहतं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, स्नायू गळतात, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके चुकू लागतात.

त्यात आजीची बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती. तीही पोटॅशियम बाहेर काढते. एका टाकीला दोन गळत्या. डॉक्टरांनी काढा बंद केला, पोटॅशियमचं औषध दिलं, आणि तीन आठवड्यांत आजी परत अंगणात फिरायला लागली. आमचं नशीब, की डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला आणि आजीने खरं उत्तर दिलं.

‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ असं आपण सहज बोलून जातो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी सारख्याच नावाची दुसरी मुळी गेली. त्या दुसऱ्या मुळीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरच्या वर स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. रेणूला आपण कारखान्यातून आलो की मुळीतून, हे ठाऊक नसतं.

एका रात्रीची रांग

माझ्यासारखी चूक चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. 31 जानेवारी 2020 च्या रात्री तिथल्या सरकारी वृत्तसंस्थेने बातमी दिली, की शांघायच्या आणि वूहानच्या संशोधन संस्थांना ‘श्वांगहुआंगल्यान’ हे पारंपरिक द्रवऔषध नव्या करोनाविषाणूला रोखू शकतं असं आढळलं आहे. झालं! साथ ऐन भरात, गर्दी टाळायची वेळ, आणि लोक मध्यरात्री औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे. दुसऱ्याच दिवशी सरकारी वर्तमानपत्राला सांगावं लागलं, की ‘रोखू शकतं’ म्हणजे ‘बरं करतं’ असं नव्हे, स्वतःच्या मनाने पिऊ नका.

पण गंमत अशी, की प्रयोग खोटा नव्हता. या औषधात तीन वनस्पती असतात: हनीसकलची फुलं, फोर्सिथियाची फळं आणि ‘हुआंगछिन’ नावाची पिवळी मुळी. हुआंगछिनमध्ये बायकालेइन नावाचा फ्लॅवोनॉइड असतो. करोनाविषाणू आपली प्रथिनं एका लांब साखळीत तयार करतो आणि नंतर स्वतःच्या एन्झाइमने त्यांचे तुकडे पाडतो. बायकालेइन त्या कातरीच्या पात्यांमध्ये जाऊन बसतो. शांघायच्या संशोधकांनी 2020 मध्ये दोघांचा एकत्र स्फटिक बनवून क्ष-किरणांनी हे दाखवलं. पेशींमधला ईसी-50 आला 2.94 मायक्रोमोलर. बायकालेइनचं रेणूवजन 270, म्हणजे लिटरला 0.8 मिलिग्रॅमच्या आसपास. विषाणू वेगळा आणि प्रयोगही वेगळा असल्याने तुलना ढोबळच आहे, पण ज्येष्ठमधाचे 300 कुठे आणि हे 0.8 कुठे!

मग घोडं पेंड खातं कुठे? तर पोटातून रक्तात जाताना. आतड्याची भिंत आणि यकृत बायकालेइनला झपाट्याने शर्करा-आम्लाची जोड देऊन टाकतात. जोड दिलेला रेणू त्याच कातरीवर सात पट कमजोर ठरतो आणि त्याला पेशीत शिरणंही जड जातं. यकृताचं कामच ते आहे. आलेल्या अनोळखी रेणूला पाण्यात विरघळेल असं करून बाहेर घालवायचं.

त्याच कातरीवर चालणारं औषध पुढे 2021 मध्ये आलं: निरमाट्रेलव्हिर. ते पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेलं आहे. यकृत त्यालाही फोडतं, म्हणून सोबत रिटोनाव्हिर नावाची दुसरी गोळी देतात. तिचं काम फक्त यकृताला थोडा वेळ थोपवणं. लस न घेतलेल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांना तीन दिवसांच्या आत ते दिलं, तर दवाखान्यात भरती होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण 89 टक्क्यांनी घटलं. म्हणजे कुलूप ओळखणं हा निम्मा रस्ता. किल्ली दारापर्यंत नेणं हा उरलेला निम्मा, आणि तिथेच खरं इंजिनिअरिंग आहे.

मसाल्याच्या डब्यातली गोष्ट

सगळंच निराशाजनक नाही. आपल्या मसाल्यातलं चक्रीफूल, ज्याला काही घरांत बाद्यान म्हणतात, ते मुख्यतः दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागात पिकतं आणि चिनी वैद्यकात वापरलं जातं. त्याच्यात शिकिमिक आम्ल असतं. या आम्लाचा शोध 1885 सालचा, चक्रीफुलाच्याच जपानी भावंडात, ‘शिकिमी’मध्ये. (हे भावंड मात्र विषारी आहे.) शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला काही करत नाही. पण त्याची त्रिमितीय घडण अशी सोयीची, की त्याच्यावर दहाच्या आसपास रासायनिक पायऱ्या केल्या की ओसेल्टामिव्हिर तयार होतं. काही पायऱ्यांत स्फोटाची भीती असलेली अझाइड रसायनं हाताळावी लागतात. हे औषध विषाणूला बाहेर पडतानाच्या दारात अडवतं. बाजारातलं नाव टॅमिफ्लू.

2005 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने देशोदेशींची सरकारं टॅमिफ्लूचा साठा करू लागली तेव्हा चक्रीफुलाचा तुटवडा पडला. मग जनुकं बदललेल्या ई. कोलाय जीवाणूंकडून टाक्यांमध्ये शिकिमिक आम्ल बनवण्याची पद्धत पुढे आली. 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, तेव्हा जी औषधाची कॅप्सूल सगळ्यांच्या तोंडी होती ती हीच. पण म्हणून मेसच्या बिर्याणीतलं चक्रीफूल चघळून फ्लू जात नाही. लोखंडाची खनिजं खिशात भरली म्हणून कोणी बाइकवरून फिरत नाही!

57 माणसं

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा रेणू चांगला आहे, रक्तातही पोचतो. माणसांवर उपयोग होतो हे कसं कळणार?

‘छुआनशिनल्यान’ ही वनस्पती चिनी वैद्यकात आहे, थायलंडमध्ये आहे, आणि आपल्याकडेही कालमेघ म्हणून आहे. थायलंडमध्ये करोनाच्या सौम्य रुग्णांवर तिच्या अर्काचा एक प्रयोग झाला. 29 जणांना अर्क, 28 जणांना नकली गोळी. अर्क घेतलेल्यांत न्यूमोनिया झाला 0 जणांना, न घेतलेल्यांत 3 जणांना. 0 विरुद्ध 3! निबंधात लिहिलं होतं, की हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता 0.039, म्हणजे 5 टक्क्यांच्या आत. म्हणून निकाल ग्राह्य.

हे गणित आपण मेसच्या टेबलावर करू शकतो. समजा अर्काचा काहीच उपयोग नाही आणि 57 पैकी 3 जणांना न्यूमोनिया होणारच होता. 57 मधून 3 निवडण्याचे प्रकार 29,260. ते तिघेही योगायोगाने 28 च्या गटात पडण्याचे प्रकार 3,276. भागाकार 0.112. म्हणजे 11 टक्के! नऊ वेळा चिठ्ठ्या टाकल्या तर एकदा असं होणारच. 2021 मध्ये आकडेमोडीतली ही चूक लक्षात आली आणि निबंध मागे घेतला गेला. यावरून अर्क निरुपयोगी ठरत नाही. एवढंच ठरतं, की या 57 माणसांवरून काही सांगता येत नाही.

आपल्या होस्टेलमध्ये डेंग्यू झाला की पपईच्या पानांचा रस येतोच. “तिने रस घेतला आणि प्लेटलेट वाढल्या.” वाढल्या, खरं आहे. पण डेंग्यूत ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआपच वाढू लागतात. रस न घेतलेल्या मैत्रिणीच्याही वाढल्या का, हे कोणी विचारत नाही. आणि या रसाच्या भरवशावर पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं अंगावर काढली, तर ते जिवावर बेततं. त्या वेळी आधी रेक्टर मॅडमचं दार वाजवायचं आणि दवाखाना गाठायचा.

मग परंपरेचा उपयोग काय?

आहे, आणि मोठा आहे. तू यूयू या चिनी संशोधिकेची गोष्ट आठवा. मलेरिया हा विषाणूचा रोग नाही, पण धडा तोच आहे. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या ग्रंथात त्यांना आढळलं, की ‘छिंगहाओ’ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. भिजवून, उकळून नव्हे! त्यांनी विचार केला, उष्णतेने गुणकारी पदार्थ नष्ट होत असेल का? म्हणून 35 अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाचा नमुना मलेरिया झालेल्या उंदरांवर शंभर टक्के यशस्वी ठरला. नंतर आधी स्वतःवर, मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यातून आर्टेमिसिनिन आलं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथाने पत्ता दिला, पण घरापर्यंत चालत जावं लागलं ते 190 नमुने तपासून.

तर मित्रमैत्रिणींनो, यापुढे ‘अमुक वनस्पती विषाणू मारते’ असं वाचलं की पाच प्रश्न विचारा. डिशमध्ये मारते की माणसात? किती प्रमाणात, आणि ते प्रमाण काढ्यातून मिळतं का? पोटात गेल्यावर रेणू तोच राहतो का? किती माणसांवर तपासलं, आणि न घेतलेल्यांचं काय झालं? आणि पाचवा: घेणाऱ्याला आधीपासून कोणती गोळी चालू आहे? पाचवा प्रश्न माझ्या आजीने मला शिकवला.

गेल्या दिवाळीत मी तिला हे सगळं समजावून सांगितलं, वॉचमनच्या गोष्टीसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “अगं, घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी चघळायची, एवढंच आमच्या आईने सांगितलं होतं. दिवसातून तीन चमचे कोणी सांगितलं होतं?”

मी काही बोलले नाही. सांगणारी मीच होते.